लोकीला ‘खोड्यांचा देव’ कुणी केलं?

(या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेलं अडखळणं आणि मध्येच वाजलेली शेजारच्या कुकरची शिट्टी काढून टाकली आहे. बाकी बोललो तसंच आहे.)

आजचा भाग एका चुकीपासून सुरू करतोय, आणि चूक माझीच आहे.

काही महिन्यांपूर्वी नॉर्स पुराणकथांवरच्या भागात मी लोकीची ओळख एका दमात करून दिली होती. म्हणालो होतो, लोकी म्हणजे थॉरचा भाऊ, आगीचा आणि खोड्यांचा देव. त्यावर एका श्रोत्याचा मेसेज आला, ‘दादा, हे नक्की कुठे लिहिलंय?’ मला वाटलं, दोन मिनिटांत लिंक पाठवतो. त्या दोन मिनिटांचे दोन आठवडे झाले. कारण शोधायला बसलो तेव्हा कळलं, माझ्या त्या एका वाक्यात तीन चुका होत्या. जुन्या ग्रंथांत लोकी थॉरचा भाऊ नाही. तो आगीचा देव नाही. आणि खोड्यांचं खातं त्याच्याकडे असल्याचं तिथे कुणी लिहिलेलं नाही.

मग हे सगळं माझ्या डोक्यात आलं कुठून? ऑफिसमध्ये कोडची एखादी ओळ खटकली की आम्ही गिटची हिस्टरी उघडतो. ही ओळ कुणी टाकली, कधी टाकली, कशासाठी टाकली? आज लोकीच्या पदव्यांचं तेच करूया. सगळ्यात जुनी नोंद आधी.

पदवी म्हणजे कोडं

एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागेल. नॉर्वे आणि आइसलँडमधल्या जुन्या दरबारी कवींना स्काल्ड म्हणायचे. हे लोक सरळ नाव घेणं टाळायचे. त्याऐवजी एक छोटं कोडं घालायचे, त्याला केनिंग म्हणतात. सोनं म्हणायचं असेल तर कवी म्हणणार ‘सिफचे केस’. आता हे कळायला गोष्ट माहीत पाहिजे. सिफ ही थॉरची बायको. लोकीने एकदा तिचे केस कापून टाकले. थॉरने त्याची मानगूट धरली, तेव्हा लोकीने बुटक्या कारागिरांकडून तिच्यासाठी सोन्याचे केस घडवून आणले. गोष्ट माहीत नसेल तर ‘सिफचे केस’ ऐकून तुम्ही नुसते बघत बसाल.

आपल्याला हा प्रकार नवा नाही. ‘पार्थ’ म्हटलं की अर्जुन कळतो. आणि कर्णाला ‘राधेय’ म्हणायचं की ‘कौंतेय’, यावरून बोलणारा त्याच्याकडे कुठून बघतोय तेही कळतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण आजची सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे. पदवी ज्याला दिली त्याच्याइतकीच ती देणाऱ्याबद्दल सांगते.

साधारण इसवी सन ९००: मित्र, मुलगा, नवरा

लोकीबद्दलच्या सगळ्यात जुन्या उरलेल्या कवितांपैकी एक आहे ‘हाउस्टलोंग’. कवी थ्योडोल्फ, गाव हविनिर, देश नॉर्वे. त्याला कुणीतरी चित्रं काढलेली ढाल भेट दिली, म्हणून आभाराखातर त्याने ढालीवरच्या चित्रांचं वर्णन करणारी कविता रचली.

त्यातला एक प्रसंग असा. ओडिन, होनिर आणि लोकी असे तिघं प्रवासात आहेत. बैल शिजत घातलाय, पण काही केल्या शिजत नाही. झाडावर गरुडाच्या रूपात थ्याझी नावाचा राक्षस बसलाय, आणि तो मांसातला मोठा वाटा उचलतो. लोकी चिडून त्याला काठी हाणतो. काठी गरुडाला चिकटते, लोकीचे हात काठीला चिकटतात, आणि गरुड उडतो. पुढे सुटका करून घेण्यासाठी लोकीला इडुन नावाची देवी त्या राक्षसाच्या हवाली करावी लागते. इडुन म्हणजे देवांचं म्हातारपणावरचं औषध. ती गेल्यावर सगळे देव म्हातारे होऊ लागतात. तिला परत आणायलाही लोकीच जातो.

आता या कवितेत लोकीला काय काय म्हटलंय ते बघा. फारबाउटीचा मुलगा. होनिरचा मित्र. ओडिनचा मित्र. लांडग्याचा बाप. ब्रिसिंगांचा दागिना चोरणारा. म्हणजे चोर हा शब्द आहेच, कुणी त्याला संत समजत नव्हतं. पण बाकीच्या पदव्या नात्यांच्या आहेत. हा कुणाचा कोण, एवढंच त्या सांगतात.

यातली एक पदवी मला विसरता येत नाही. हात काठीला चिकटून लोकी गरुडामागे फरफटला जातोय, नेमक्या त्या क्षणी कवी त्याला म्हणतो, ‘सिगिनच्या बाहूंमधला भार’. सिगिन ही त्याची बायको. एरवी जो बायकोच्या मिठीत असायचा, तो आज एका गरुडाचं ओझं झालाय, असा टोमणा त्यात आहे. पण टोमणा असला तरी कवीला त्याची बायको आठवली. तिच्याकडे आपण शेवटी परत येणार आहोत.

हवेतला लोकी

याच काळात त्याचं दुसरं एक नाव वापरात होतं, लोप्ट. जुन्या नॉर्समध्ये ‘लोप्ट’ म्हणजे हवा, आणि घराचा वरचा मजला सुद्धा. इंग्रजीतला ‘लॉफ्ट’ तिथूनच आला. जर्मनमध्ये हवेला ‘लुफ्ट’ म्हणतात, लुफ्तान्सा विमान कंपनीच्या नावातला लुफ्ट तोच. नाव शोभतंही त्याला. फ्रेयाचा ससाण्याच्या पिसांचा पोशाख घालून तो उडतो, आणि हवेतून व पाण्यावरून धावता येतील असे जोडे त्याच्याकडे असल्याचं एका कथेत येतं. म्हणजे मूलद्रव्यच चिकटवायचं झालं तर आगीपेक्षा हवेचा दावा जास्त पक्का होता. मी मात्र बिनदिक्कत आग म्हणून मोकळा झालो होतो.

आईचं नाव लावणारा

आता माझी आवडती पदवी. कवितांमध्ये आणि कथांमध्ये लोकीला वारंवार ‘लाउफेयारसोन’ म्हटलंय, म्हणजे लाउफेचा मुलगा. लाउफे कोण? त्याची आई. नॉर्स समाजात साधारणपणे बापाचं नाव लावायचे. थोर्स्टाइनचा मुलगा, एरिकचा मुलगा वगैरे. आइसलँडमध्ये आजही बहुतेकांच्या नावामागे आडनाव नसतं, वडिलांचंच नाव असतं. अशा ठिकाणी लोकी आईच्या नावाने ओळखला जातो. बाप फारबाउटी हा राक्षसकुळातला. त्याच्या नावाचा अर्थ साधारण ‘घातक फटका मारणारा’. आई लाउफे, जिच्या नावात ‘पान’ हा शब्द दिसतो. तिला ‘नाल’ असंही म्हणत, म्हणजे सुई.

सिनेमात याचं काय झालं आठवतंय? मार्व्हलमध्ये लाउफे हा हिमराक्षसांचा राजा आहे. पुरुष. लोकीचा बाप. म्हणजे हजार वर्षं एका बाईचं नाव सांगणारी पदवी होती, आणि पडद्यावर ती बाईच गायब झाली. ‘लाउफेसन’ हा शब्द मी सिनेमात कितीतरी वेळा ऐकलाय, आणि तो आईचा उल्लेख आहे हे मला या दोन आठवड्यांत कळलं.

थॉरचा भाऊ ही भानगडही तिथलीच. जुन्या ‘लोकासेन्ना’ या कवितेत (नावातलं ‘सेन्ना’ म्हणजे आपली सेना नव्हे, वादावादी) लोकी ओडिनला आठवण करून देतो की आपण दोघांनी एकेकाळी रक्तात रक्त मिसळलं होतं. त्या नात्याने तो ओडिनचा मानलेला भाऊ. थॉर ओडिनचा मुलगा. म्हणजे लोकी थॉरचा झालाच तर काका होतो, आणि तोही मानलेला.

१२२० च्या आसपास: आरोपपत्र

आता आपण मोठ्या कमिटवर आलो. आइसलँडने साधारण इसवी सन १००० मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर दोनशेहून जास्त वर्षांनी स्नॉरी स्टर्लुसन नावाच्या एका बड्या राजकारण्याने ‘एडा’ हा ग्रंथ लिहिला. त्याची अडचण साधी होती. जुना धर्म गेला, गोष्टी विसरल्या जाऊ लागल्या, आणि गोष्टी गेल्या तर केनिंग कळणार नाहीत. तरुण कवींना जुन्या कविता वाचता याव्यात म्हणून त्याने हे पुस्तक केलं. जुन्या सिस्टिमचं डॉक्युमेंटेशन समजा. ‘हाउस्टलोंग’ आज आपल्या हातात आहे ती स्नॉरीच्या पुस्तकात उतरवली गेली म्हणून. सोबत त्याने वाचकांना बजावलंही, की ख्रिस्ती माणसाने या देवांवर विश्वास ठेवायचा नाही.

या स्नॉरीने लोकीची ओळख करून देताना तीन पदव्या दिल्या. देवांमध्ये चहाड्या पसरवणारा. कपटाचा जनक. सगळ्या देवांना आणि माणसांना लागलेला कलंक. पहिली वाचताना मला आपला ‘कळलाव्या नारद’ आठवला, पण नारदाला कुणी कलंक म्हणत नाही.

या जागी दोन बारीक शब्द आहेत, ते मी आधी वाचताना गाळले होते. एक, या पदव्या स्नॉरी स्वतःच्या नावावर देत नाही, काही लोक त्याला असं म्हणतात अशी नोंद करतो. दोन, लोकीला सरळ देव म्हणत नाही, त्याचीही देवांमध्ये गणना होते असं म्हणतो. म्हणजे ‘देव’ हीच पदवी जरा हात राखून दिलेली आहे. न्योर्डकडे वारा आणि समुद्र, फ्रेयरकडे पाऊस आणि ऊन, ब्रागीकडे काव्य, असं खातेवाटप स्नॉरी करतो. लोकीच्या नावापुढे खातंच नाही. आपल्या राजकारणातल्या भाषेत सांगायचं तर बिनखात्याचा मंत्री. थॉर, ओडिन, फ्रेयर यांची नावं असलेली ठिकाणं स्कँडिनेव्हियात भरपूर सापडतात. गुरुवार थॉरचा, बुधवार ओडिनचा. लोकीच्या पूजेचं ठिकाण म्हणून खात्रीने दाखवता येईल असं एकही गाव सापडलेलं नाही.

पुढे त्याच ग्रंथात, लोकीला कवितेत काय म्हणता येईल याची लांबलचक यादी येते. त्यात नाती आहेत: फेनरिर लांडग्याचा, योर्मुनगांड सापाचा आणि हेलचा बाप, स्लाइपनिर घोड्याचा नातलग, सिगिनचा नवरा. चोऱ्या आहेत: इडुनच्या सफरचंदांचा चोर, ब्रिसिंगांच्या दागिन्याचा चोर. आणि मग धूर्त देव, अरिष्टं घडवणारा लोहार, बांधलेला देव, हेमडॉलशी भांडणारा. ‘धूर्त देव’ तेवढा आपल्या आजच्या कल्पनेजवळ येतो. पण तो स्वभाव झाला, खातं नव्हे.

सगळ्यात जड आरोप

त्या यादीत एक पदवी सगळ्यांहून जड आहे: बाल्डरच्या मृत्यूचा सूत्रधार. गोष्ट तुम्हाला माहीत असेल. बाल्डर सगळ्यांचा लाडका. कशानेही त्याला इजा होणार नाही, फक्त मिसलटो नावाच्या एका बांडगुळाने होईल. लोकी ते बांडगूळ आंधळ्या होडरच्या हातात देतो, नेम धरायला मदत करतो, आणि बाल्डर मरतो.

ही पूर्ण गोष्ट स्नॉरी सांगतो. पण बाकीचे साक्षीदार तपासा. ‘व्होलुस्पा’ या जुन्या कवितेत बांडगूळ आहे, होडर आहे, पण मारण्याच्या त्या कडव्यात लोकीचं नाव नाही. डेन्मार्कच्या साक्सोने इसवी सन १२०० च्या आसपास लॅटिनमध्ये लिहिलेल्या इतिहासात होडर आणि बाल्डर एका मुलीवरून लढतात, आणि तिथेही लोकी नाही. ‘लोकासेन्ना’मध्ये मात्र तो स्वतः बाल्डरच्या आईला तोंडावर सांगतो, की तुझा मुलगा आता घरी येत नाही तो माझ्यामुळे. पण ती कविता म्हणजे भर मेजवानीत चाललेलं भांडण आहे. संतापलेल्या माणसाची फुशारकी की कबुली, हे तुम्ही ठरवा.

लोकी निर्दोष होता असं मी म्हणत नाही. देवांनी त्याला बांधून ठेवलंय ही गोष्ट नवव्या-दहाव्या शतकाच्या सांध्यावर थ्योडोल्फलाही ठाऊक होती. पण ‘सूत्रधार’ या पदवीचा भक्कम पुरावा एकाच माणसाच्या पुस्तकात आहे, आणि ते पुस्तक जुना धर्म गेल्यानंतरचं आहे, एवढं नोंदवून पुढे जाऊ.

१८३५: आग कुठून लागली

आता माझी दुसरी चूक. परीकथावाला याकोब ग्रिम आठवतोय? त्याने १८३५ मध्ये जर्मन पुराणकथांवर मोठा ग्रंथ काढला. त्यात त्याने लोकी हे नाव ‘लोगी’ या शब्दाशी जोडलं. लोगी म्हणजे ज्वाळा. पुढे संगीतकार वाग्नरच्या १८६९ साली रंगमंचावर आलेल्या ‘दास राइनगोल्ड’ या ऑपेरात ‘लोगे’ नावाचं पात्र आलं, आणि ते चक्क अग्नीचंच रूप होतं. तिथून ही आग लेखांत, चित्रांत आणि शेवटी माझ्या पॉडकास्टमध्ये पसरली.

गंमत म्हणजे ही जोडणी चुकीची आहे हे स्नॉरीच्या ग्रंथातच दिसतं. थॉर आणि लोकी उटगार्डच्या राजवाड्यात जातात. तिथे लोकीला खाण्याची पैज लावावी लागते, आणि समोर बसतो लोगी! दोघं मांसाने भरलेल्या लांब पात्राच्या दोन टोकांपासून सुरू करतात आणि मध्यभागी भेटतात. लोकीने हाडांवरचं सगळं मांस फस्त केलेलं असतं. लोगीने मांस, हाडं आणि ते लाकडी पात्रसुद्धा. नंतर उलगडा होतो की लोगी म्हणजे खुद्द वणवा होता. दोन व्हेरिएबल एकाच ओळीत एकमेकांसमोर उभी आहेत, एक दुसऱ्याला हरवतंय, आणि आपण म्हणतोय ती एकच आहेत. कोड रिव्ह्यूमध्ये हे पास झालं नसतं.

कपट गळालं, खोड्या उरल्या

मग ‘खोड्यांचा देव’? १८५५ मध्ये अमेरिकेत बुलफिंच या लेखकाने पुराणकथांचं एक फार लोकप्रिय पुस्तक काढलं. स्नॉरीच्या ‘कपटाचा जनक’ या पदवीची तिथे सगळ्या फसवणुकी आणि ‘मिसचिफ’ योजणारा अशी फोड झाली. दोन शब्द झाले. कपट जड, मिसचिफ हलका. १९६२ मध्ये मार्व्हलच्या ‘जर्नी इनटू मिस्टरी’च्या ८५ व्या अंकात स्टॅन ली, लॅरी लीबर आणि जॅक कर्बी यांनी लोकीला आणलं, तेव्हा मुखपृष्ठावर तो थेट ‘गॉड ऑफ मिसचिफ’ झालेला होता. त्यांनी शब्द बुलफिंचकडूनच उचलला असा माझा दावा नाही. पण वाट दिसते: आधी कपट, मग कपट आणि खोड्या, मग नुसत्या खोड्या. आणि या शेवटच्या टप्प्यावर बिनखात्याच्या मंत्र्याला खातं मिळालं.

‘ट्रिकस्टर’ हा शब्द त्याहून वेगळ्या दारातून आला. तो अभ्यासकांचा शब्द. डच अभ्यासक यान दे व्ह्रीस यांनी १९३३ मध्ये लोकीवर पुस्तक लिहून त्याची जगभरातल्या लबाड नायकांशी तुलना केली. १९५६ मध्ये पॉल रेडिन यांचं अमेरिकेतल्या विनेबेगो लोकांच्या ट्रिकस्टर कथांवरचं पुस्तक गाजलं आणि शब्द सगळीकडे रुळला. शब्द उपयोगी आहे, पण तो बाहेरून लावलेला टॅग आहे. थ्योडोल्फला तो दाखवला असता तर त्याला काहीच कळलं नसतं.

गावातला लोकी

या सगळ्या लेखी पदव्यांपासून लांब, साध्या शेतकऱ्यांच्या तोंडातही लोकी उरला होता. डेन्मार्कमध्ये वसंतात शेतावर तापलेली हवा थरथरताना दिसली की म्हणायचे, लोकी ओट पेरतोय. आइसलँडमध्ये दोऱ्याच्या गुंत्याला किंवा गाठीला ‘लोकी’ म्हणत. काही अभ्यासक त्याच्या नावाचं मूळ याच गाठीत शोधतात. ते पटण्यासारखंही आहे, कारण स्नॉरीच्या कथेत मासे पकडायचं जाळं लोकीनेच पहिल्यांदा विणलं आणि शेवटी देवांनी तसंच जाळं करून त्याला पकडलं.

आणि फेरो बेटांवरच्या एका लोकगीतात तर तो तारणहार आहे. एका शेतकऱ्याचा मुलगा राक्षस मागतोय. शेतकरी आधी ओडिनला हाक मारतो, मग होनिरला. दोघं मुलाला लपवतात, पण राक्षस शोधून काढतो. शेवटी लोकी येतो, मुलाला माशाच्या अंड्यात लपवतो आणि राक्षसालाच संपवतो. मुलगा घरी येतो. त्या शेतकऱ्याला विचारा लोकीची पदवी काय.

शेवटी, सिगिन

आता सिगिनकडे येतो. देवांनी लोकीला खडकाला बांधलं आणि त्याच्या तोंडावर विष ठिबकेल असा साप वर टांगला. सिगिन वाडगं धरून शेजारी बसली. वाडगं भरलं की ती ते ओतायला जाते, तेवढ्यात विष त्याच्या चेहऱ्यावर पडतं, तो तडफडतो आणि त्याने भूकंप होतात.

इंग्लंडमधल्या कंब्रिया भागात गोस्फोर्थ गावच्या चर्चच्या आवारात दहाव्या शतकातला एक उंच दगडी क्रूस आहे, साधारण ४.४ मीटरचा. क्रूस ख्रिस्ती, पण त्यावर एक बांधलेला पुरुष कोरलाय आणि शेजारी वाडगं धरलेली बाई. अभ्यासक या जोडीला लोकी आणि सिगिन म्हणून ओळखतात. स्नॉरीचा जन्म व्हायला तेव्हा दोनशेहून जास्त वर्षं बाकी होती. कलंक, चहाडखोर वगैरे शब्द अजून ग्रंथात यायचे होते. दगड कोरणाऱ्याने त्याला शिक्षेत दाखवलं, पण एकटं नाही दाखवलं. थ्योडोल्फनेही तेच केलं होतं.

मी त्या जुन्या भागाचं वर्णन बदललंय. आधी तिथे ‘आगीचा आणि खोड्यांचा देव’ होतं. आता लिहिलंय: ‘लोकी, लाउफेचा मुलगा, सिगिनचा नवरा. देवांना अडचणीत आणणारा, आणि पुष्कळदा त्यातून बाहेर काढणारा.’ ऑडिओमधलं वाक्य तसंच ठेवलंय. हिस्टरी पुसायची नसते, वर दुरुस्ती टाकायची असते. मेसेज करणाऱ्या त्या श्रोत्याला हा भाग पाठवतोय, दोन आठवडे उशिरा का होईना.

तुम्हालाही माझं एखादं वाक्य खटकलं तर असंच विचारा. भेटू पुढच्या भागात.